सोनाराच्या नजरेतून नऊ डिस्कचा संच

पितृपक्षात सोन्याचे दुकान उघडे असते, पण गिऱ्हाईक फिरकत नाही. रविवार पेठेत आमचे तीन पिढ्यांचे लहानसे दुकान आहे, आणि गणपती उठल्यापासून घटस्थापनेपर्यंतचा पंधरवडा आम्ही तराजू पुसणे, मोडीत आलेले डाग, म्हणजे दागिने, वेगळे काढणे आणि कारागिरांकडची घट मोजणे यांतच घालवतो. यंदा त्या रिकाम्या संध्याकाळी मी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीचा फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कचा संच पाहून संपवला. चित्रपटाची परीक्षणे लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या रांगेत बसण्याचा माझा विचार नाही. मात्र ज्या चित्रपटाचा सारा डोलारा सोन्याच्या एका डागावर उभा आहे, तो पडद्यावर कसा दिसतो हे सांगण्याचा अधिकार सोनाराला असावा, एवढ्याच भरवशावर हे लिहीत आहे.

संचाची माहिती आधी देतो. हा संच 1 डिसेंबर 2020 रोजी बाजारात आला. त्यात एकूण नऊ डिस्क आहेत. चित्रपटगृहात दाखवलेली आवृत्ती तीन डिस्कवर, प्रत्येक भागाला एक याप्रमाणे, आहे आणि वाढीव लांबीची आवृत्ती सहा डिस्कवर, प्रत्येक भागाला दोन याप्रमाणे. चित्रपटगृहातील तीन भाग अनुक्रमे 178, 179 आणि 201 मिनिटांचे होते. वाढीव आवृत्ती चाहत्यांच्या नावांची लांबलचक यादी धरून 228, 235 आणि 263 मिनिटांची आहे, म्हणजे एकूण बारा तास सहा मिनिटांचा ऐवज. मला हा संच पुतण्याने अमेरिकेहून येताना आणून दिला. फोर-के डिस्कना प्रदेशाचे बंधन नसते, त्यामुळे तिकडची डिस्क इकडच्या प्लेअरवर विनातक्रार चालते. साध्या ब्लू-रेच्या बाबतीत मात्र प्रदेश पाहूनच खरेदी करावी लागते. किंमत साधारण ग्रॅमभर सोन्याच्या आसपास पडली. प्लेअर आणि दूरचित्रवाणी संच यांचा खर्च अर्थातच निराळा, आणि तो ग्रॅममध्ये सांगितला तर घरात पुन्हा चर्चा सुरू होईल.

नावाबद्दलची एक कुरकुर आधीच नोंदवतो. या गोष्टीतल्या वस्तूला आपल्याकडे सर्रास ‘अंगठी’ म्हणतात. अंगठीवर खडा असतो, निदान वर काही नक्षी किंवा बैठक तरी असते. जे सरळ, गुळगुळीत, सगळीकडून सारखे असते त्याला वेढणे म्हणतात. चित्रपटात जे आहे ते वेढणे आहे. हा शब्दांचा कीस नव्हे, कारण वेढणे घडवणे हे कारागिराच्या हाताची खरी परीक्षा समजले जाते. नक्षीच्या कामात डाख, म्हणजे सांधा जोडणारा धातू, कुठे बसवला ते लपवता येते, वेढण्यात लपायला जागाच नसते. कॅमेऱ्यालाही ती नसते, आणि म्हणूनच हा संच तपासायला यापेक्षा चांगली वस्तू मिळणार नाही.

आता मुख्य मुद्दा. सोने पिवळे दिसते, कारण ते प्रकाशातला निळा भाग गिळते आणि तांबडा-पिवळा भाग परत पाठवते. त्यामुळे त्याची चमकसुद्धा सोनेरीच असते. काचेवर किंवा रंगवलेल्या लाकडावर दिव्याचा ठिपका पांढरा उमटतो. सोन्यावर तो सोन्याच्याच रंगाचा, फक्त अधिक तेजस्वी असतो. नेमकी हीच गोष्ट जुन्या डीव्हीडीवर हरवत असे. साध्या चित्रात तेजाची मर्यादा ओलांडली की उजेडाचा ठिपका जळून पांढरा होतो, आणि पांढऱ्या ठिपक्याचे पिवळे कडे म्हणजे तुळशीबागेत मिळणारा एक ग्रॅमचा दागिना. मी वीस वर्षे तो चित्रपट डीव्हीडीवर पाहिला आणि दर वेळी मनात म्हणत आलो की, एवढ्या मोठ्या युद्धाचे कारण ठरलेला ऐवज मुलामा दिलेला का वाटावा? नव्या संचात डॉल्बी व्हिजन आहे, म्हणजे प्रत्येक दृश्यासाठी तेज आणि काळोख यांची मर्यादा वेगळी सांगितलेली असते. त्यामुळे ते नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो या नायकाच्या तळहातावरच्या त्या वेढण्याच्या आतल्या बाजूला, जिथे सोन्याचा उजेड सोन्यावरच पडतो आणि रंग केशरीकडे झुकतो, तो सगळा चढ-उतार पहिल्यांदा दिसला. हा केशरी रंग दिवसातून दहा वेळा माझ्या डोळ्यांसमोरून जातो, पण पडद्यावर तो मी कधी पाहिला नव्हता. रंगावरून ते सोने बावीस कॅरेटचे नसावे, अठराच्या जवळपासचे असावे, असे माझे मत झाले. आमच्या सौभाग्यवतींचे मत असे पडले की मी चित्रपट पाहतच नव्हतो.

सुरुवातीच्या प्रस्तावनेत वितळलेल्या धातूचा रस साच्यात पडतो, तो प्रसंग पाहण्यासाठी मी आमच्या दुकानात काम करणाऱ्या बंगाली कारागिराला मुद्दाम घरी बोलावले. तो पंधरा वर्षांपासून पुण्यात आहे आणि आता माझ्यापेक्षा बरे मराठी बोलतो. त्याने दृश्य दोनदा पाहिले आणि म्हणाला, “शेठ, ओतताना रसावर ज्योत कोणी धरली नाही, असा रस साच्याच्या तोंडाशीच थिजेल.” त्याचे म्हणणे बरोबर आहे. मुशीत सोने आटवल्यावर टाकणखाराने मळी काढतात आणि ओतताना शेवटपर्यंत जाळ रसावर ठेवतात. परंतु त्या दृश्यातला काळोख आणि त्यात वाहणारा तो रस, काठाला लालसर आणि मध्ये जवळजवळ पांढरा, इतका खरा दिसतो की त्याला ही चूक काढावीशी वाटली. डीव्हीडीवर तेच दृश्य पाहताना कोणाही कारागिराने तोंड उघडले नसते, कारण तिथे काय वाहत आहे तेच कळत नसे.

हे वेढणे ज्याने घडवले त्याचा उल्लेख या संचाच्या वेष्टनावर कुठेही नाही, म्हणून इथे करतो. न्यूझीलंडमधील नेल्सन या गावातले येन्स हॅन्सन हे मूळचे डेन्मार्कचे सोनार. चित्रपटाच्या मंडळींसाठी त्यांनी सुरुवातीला पंधरा नमुने तयार केले, त्यांतला एक निवडला गेला आणि पुढे निरनिराळ्या मापांची सुमारे चाळीस वेढणी तयार झाली. हॅन्सन 1999 सालीच वारले, म्हणजे पहिला भाग 2001 मध्ये प्रदर्शित होण्याच्या दोन वर्षे आधी. पुढचे काम त्यांच्या मुलाने आणि पेढीतल्या लोकांनी पाहिले. प्रस्तावनेत वेढणे हवेत गिरक्या घेत अगदी जवळ येते, त्या एका दृश्यासाठी आठ इंच व्यासाचे वेढणे वापरले होते आणि ते भरीव सोन्याचे नव्हते, वरून मुलामा दिलेले होते. मी गंमत म्हणून हिशेब करून पाहिला. दीड तोळ्याचे साधे वेढणे सगळ्या बाजूंनी साडेआठ पट मोठे केले तर त्याचे वजन सहाशे पटींहून अधिक वाढते, म्हणजे नऊ किलोंच्या वर सोने लागले असते. मुलाम्याला पर्याय नव्हता. तरीही फोर-के चित्रात ते आणि हातावरचे खरे वेढणे यांच्या रंगातला फरक मला पकडता आला नाही, आणि हे मी दुकानाची पाटी डोळ्यांसमोर ठेवून कबूल करतो.

चित्रपट तयार करणाऱ्यांना सोन्याबद्दल जे खरोखर कळले होते ते मात्र चमकीत नाही, वजनात आहे. पहिल्या भागात फ्रोडोचा म्हातारा नातलग बिल्बो घर सोडून निघतो आणि मोठ्या कष्टाने ते वेढणे हातातून खाली टाकतो. ते जमिनीवर पडते आणि जागच्या जागी बसते. उडत नाही, घरंगळत नाही. दीड तोळ्याचे खरे वेढणे फरशीवर पडले तर एकदा तरी उडते आणि गोल असल्यामुळे हमखास कपाटाखाली जाते, मग दुकानातली सगळी माणसे ओणवी होतात. चित्रीकरणाच्या वेळी त्यांनी जमिनीखाली चुंबक ठेवून ते उडू दिले नाही. चुंबकाला चिकटणारे ते वेढणे अर्थातच सोन्याचे नव्हते. म्हणजे खोट्या धातूकडून त्यांनी सोन्याहून जड असा भास करून घेतला. आमच्याकडे जुनी माणसे नाणे खणखणीत वाजवून घेत असत. चोख सोने मऊ असते, त्याचा आवाज बद्द येतो. या संचातला ध्वनी डॉल्बी अॅटमॉसमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येईल असा, नव्याने बांधलेला आहे, आणि त्या एका ठोक्यासाठी मी तीन वेळा मागे गेलो. आवाज जमिनीच्या पोटातून येतो. नंतर तोच ठोका मी दूरचित्रवाणीच्या स्वतःच्या बारक्या स्पीकरवर ऐकला, तर पाटावर सुपारी पडल्यासारखा वाटला. तेव्हा हा संच घेणाऱ्याने निदान एक बरा साऊंडबार जोडावाच.

बर्फाळ डोंगरावर साखळीसकट ते वेढणे फ्रोडोच्या गळ्यातून निसटते आणि त्याचा सहप्रवासी बोरोमिर ते उचलतो, तो प्रसंग संपूर्ण संचातला सर्वांत सुंदर आहे असे मी म्हणेन. पांढऱ्या बर्फावर सोने ठेवले की त्याचा खरा रंग कळतो. आम्हीही डाग दाखवताना खाली पांढरा कागद ठेवतो, लाल मखमल फक्त गिऱ्हाइकाला भुलवायला असते. जुन्या डीव्हीडीवर तो बर्फ एकसलग पांढरा थर दिसे. इथे त्याचा कण न् कण वेगळा आहे, त्यावर निळसर सावल्या आहेत, आणि त्यात ते पिवळे कडे इतके लहान दिसते की एवढ्याशा वस्तूसाठी माणसाने इतके भय बाळगावे याचे बोरोमिरला वाटणारे नवल आपल्यालाही वाटू लागते.

भावाचा प्रश्नही माझ्यासारख्याला पडतोच. या बारा तासांत त्या वेढण्याची किंमत कोणी विचारत नाही, कारण ते विकायचेच नाही. मोल सांगितले जाते ते दुसऱ्याच वस्तूचे. मोरियाच्या खाणीत जादूगार गँडाल्फ सांगतो की बिल्बोला मिळालेल्या मिथ्रिल या दुर्मिळ धातूच्या चिलखताची किंमत साऱ्या शायर परगण्याच्या किमतीहून जास्त होती, आणि हे त्याने बिल्बोला कधी कळू दिले नाही. जाणकाराने मालकाला खरे मोल न सांगणे, हे आमच्या धंद्यात पाप समजतात, पण म्हाताऱ्याच्या झोपेसाठी केले असेल तर मी गँडाल्फला माफ करतो. दुसरी वस्तूही फक्त वाढीव आवृत्तीत आहे. गिम्ली हा खुजांचा योद्धा, ज्याच्या जमातीचा जीव सोन्यात आणि रत्नांत, तो वनातल्या गॅलाड्रिएल राणीकडे तिच्या डोक्यावरचा एक केस मागतो आणि ती तीन देते. चित्रपटगृहातल्या आवृत्तीत हे नाही. केवळ एवढ्यासाठी मी कोणालाही सहा डिस्कची वाट धरायला सांगेन.

सोन्याच्या मागोमाग अनर्थ येतो ही कल्पना आपल्याला तिकडून शिकण्याची गरज नाही. यंदाही गणेश चतुर्थीला आमच्या घरी स्यमंतक मण्याची कथा वाचली गेली. रोज आठ भार सोने देणारा मणी, तो गळ्यात घालून शिकारीला गेलेला प्रसेन, त्याला मारणारा सिंह, सिंहाला मारणारा जांबवंत, आणि या साऱ्यात चोरीचा आळ येतो तो कृष्णावर. मणी ज्याच्या हाती गेला त्याचा घात झाला, आणि ज्याने घेतला नव्हता त्यालाच तो हुडकून आणावा लागला. फ्रोडोची गोष्ट पाहताना आईला हेच आठवले आणि पुढे काय होणार ते तिने पहिल्या अर्ध्या तासात सांगून टाकले. ‘तुंबाड’ची आठवण मला झाली. राही अनिल बर्वे यांचा तो 104 मिनिटांचा चित्रपट 12 ऑक्टोबर 2018 रोजी आला आणि 13 सप्टेंबर 2024 रोजी पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा तो मी मोठ्या पडद्यावर पाहिला. त्यातला विनायक हस्तर या शापित देवाच्या लंगोटातून पडलेली सोन्याची नाणी घेऊन येतो ती आपल्या पुण्यातच, आणि ती मोडतो. तिथे सोन्याला गिऱ्हाईक आहे, संसार आहे, पुन्हा खेप घालण्याची गरज आहे, म्हणून तो लोभ मला अधिक ओळखीचा वाटतो. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने त्या पावसातल्या काळोखात नाण्यांचे जे तेज पकडले आहे, ते अशाच संचाच्या तोडीने घरी पाहता यावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आता संचातली खोट. मूळ चित्रीकरण 35 मिलिमीटर फिल्मवर झाले आहे आणि छायालेखक अँड्र्यू लेस्नी यांना पहिल्या भागासाठी ऑस्कर मिळाले आहे. फिल्मला स्वतःचा एक बारीक कण असतो. या संचासाठी दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या देखरेखीखाली चित्र नव्याने तयार करताना तो कण बऱ्याच ठिकाणी पुसला गेला आहे. परिणामी काही चेहरे अति उजाळा दिलेल्या डागासारखे दिसतात. दागिन्याला जास्त घासले की कडा बोथट होतात आणि नक्षी झिजते, तसेच इथे म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांचे झाले आहे. पहिल्या भागात हे अधिक जाणवते. संगणकावर रचलेली दृश्ये मुळात टू-के, म्हणजे फोर-केच्या निम्म्या रुंदीच्या, दर्जाची आहेत आणि ती ताणून मोठी केलेली आहेत, त्यामुळे तिसऱ्या भागातल्या लढाया त्या बर्फाच्या प्रसंगाइतक्या धारदार दिसत नाहीत. रंगांची जुळणी मात्र सुधारली आहे. 2011 च्या वाढीव ब्लू-रेमध्ये पहिल्या भागावर हिरवट झाक होती, तिच्याबद्दल तेव्हा बरीच ओरड झाली होती. ती आता गेली आहे.

याहून मोठी खोट म्हणजे या नऊ डिस्कवर चित्रपटाखेरीज काहीच नाही. जुन्या वाढीव डीव्हीडी संचात प्रत्येक भागाबरोबर दोन डिस्क भरून निर्मितीची हकिकत होती: शस्त्रे, कपडे, दागिने, छोट्या प्रतिकृती, कोणी काय आणि कसे घडवले याचे तासन् तास. ज्या चित्रपटांनी एकूण सतरा ऑस्कर मिळवले, त्यांतली अकरा एकट्या तिसऱ्या भागाची, त्यांच्या महागड्या संचात घडणावळीचा हिशेब नसावा हे मला खटकते. पावतीवर फक्त एकूण रक्कम लिहून दिली तर गिऱ्हाईक आम्हाला सोडत नाही. मराठी उपशीर्षकेही नाहीत, त्यामुळे आईला मीच मोठ्याने सांगत बसलो. वाढीव आवृत्तीचा प्रत्येक भाग मध्यावर तुटतो आणि उठून डिस्क बदलावी लागते, पण ती तक्रार मी मागे घेतो, कारण चहा त्याच वेळी झाला.

कोणी घ्यावा? ज्याच्याकडे प्लेअर आणि मोठा पडदा आधीच आहे आणि ज्याला हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचे आहेत, त्याने निःशंक घ्यावा. फक्त एकदा पाहायचा असेल तर ग्रॅमभर सोने घेऊन ठेवलेले बरे. जुना डीव्हीडी संच असेल तर तो मोडीत काढू नये; माझा मी निर्मितीच्या डिस्कसाठी तिजोरीशेजारच्या कपाटात ठेवला आहे.

शेवटच्या प्रसंगाबद्दल कारागिराचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. वेढणे ज्वालामुखीत पडते आणि लाव्ह्याच्या पृष्ठभागावर काही क्षण तरंगते, त्यावरची कोरीव अक्षरे पेटतात आणि मग ते आटते. सोने 1064 अंशांना आटते आणि बेसॉल्टचा लाव्हा अकराशे ते बाराशे अंशांचा असतो, तेव्हा आटणे योग्यच आहे. पण सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीस पटींहून जास्त आणि लाव्ह्याची तीन पटही नाही, मग ते वर राहील कसे? मी म्हणतो की ते सरळ बुडायला हवे होते. कारागीर म्हणतो की लाव्हा काकवीसारखा दाट असतो, तेवढा वेळ लागेलच. आम्ही तो प्रसंग चार वेळा थांबवून पाहिला, आणि एका थांबवलेल्या चित्रात, आटण्याच्या क्षणभर आधी, वेढण्याची कड जराशी खाली झुकलेली त्याला दिसते, मला दिसत नाही.